सकाळी काय खाल्लं?

वर्गात टॅबलेटवर पाहणी चालू होती. सकाळी जे खाल्लं त्याच्या चित्रावर मुलांनी बोट ठेवायचं. एका मुलीचं मात्र हवेतच राहिलं. "बाई, काहीच खाल्लं नाही, त्याचं चित्र कुठंय?" पाहणी घ्यायला आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी चित्रं सरकवून पाहिली. तसं चित्रच नव्हतं. काही निवडल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नव्हता. त्यांनी आपल्या कार्यालयात साहेबांना फोन लावला. "काहीतरी दाबा, पुढे चला," साहेब म्हणाले. "एका पोरीसाठी कशाला अडून बसता?" "बसणारच. रिकाम्या ताटाचं चित्र आल्याशिवाय एकही उत्तर पाठवणार नाही." साहेब चिडले, मुख्याध्यापकांनी घड्याळ दाखवलं, बाई जागच्या हलल्या नाहीत. अखेर कार्यालयाने नवं चित्र टाकलं आणि पडद्यावर रिकामं ताट उमटलं. मुलीने बोट टेकवलं. मग मागच्या बाकावरचा दांडगोबा पुटपुटला, "बाई, मी मघाशी खोटंच केळं दाबलं." आणखी हात वर आले. "या," बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून करू."