चहाचं पथ्य

"बघा, उतरलं की नाही कोलेस्टेरॉल!" शरयूताईंनी नवऱ्याचा रिपोर्ट ऐटीत डॉक्टरांपुढे ठेवला. वर्षभर त्यांनी भास्कररावांच्या चहात दुधाचा थेंब पडू दिला नव्हता. गोळ्यांपेक्षा त्यांचा या कोऱ्या चहावर जास्त विश्वास होता.

"चहा कसला? रंगीत गरम पाणी!" भास्करराव म्हणाले. "सत्तरी उलटलेल्या माणसाला एवढी शिक्षा करतात का, डॉक्टर?"

"गप्प बसा. त्या पाण्यानंच वाचलात."

डॉक्टरांनी आकडा पाहिला, मग भास्कररावांच्या खांद्यांवरून घसरणारा शर्ट. "जेवण कसं आहे?"

"अर्धी पोळी. तीही हिच्या धाकानं."

डॉक्टरांनी त्यांचं पोट तपासलं. सोबत आणलेल्या सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला. मग खुर्ची ओढून ते शरयूताईंच्या जवळ बसले. "ताई, एवढं खाली चहानं येत नाही. कोलेस्टेरॉल बनवणारं यकृतच काम करेनासं झालंय. गाठी सगळीकडे पसरल्या आहेत."

शरयूताई आकड्यावरच बोट ठेवून होत्या. "पण हा तर चांगला आलाय ना? मग आता चहात थोडं दूध चालेल?"

"चालेल. साईसकट द्या. आजपासून मागतील ते द्या."

"ऐकलंस? जिंकलो मी!" भास्करराव हसले.

शरयूताईंचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला.

"नको, डॉक्टर. पथ्य सांगा ना काहीतरी. अजून वर्षभर तरी दूध बंदच ठेवा म्हणा."