एकट्याची टाकी

मेकॅनिक गाडीखाली शिरला होता. त्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते, आणि नकाशेकार त्या बुटांशी बोलत होता.

"गळती नाही. मी खाली कागद अंथरून पाहिलंय. शिवाय गळत असती तर टाकी उशिरा भरली असती. ही लवकर भरते."

"कळलं, काका," बूट म्हणाले.

नकाशेकाराचा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. निवृत्तीनंतर नवरा-बायकोंनी घर विकून हे चाकांवरचं घर घेतलं. दोन खाटा, शेगडी, मोरी, संडास. तळाशी दोन टाक्या, एक सांडपाण्याची आणि एक संडासाची. दुखणं संडासाच्या टाकीचं होतं. भिंतीवरचा लाल दिवा लागला, की ती भरली असं समजायचं आणि गाडी या गाड्यांच्या मुक्कामतळाच्या पार दुसऱ्या टोकाला, उपसायच्या खड्ड्यावर न्यायची.

दोघं होती तेव्हा टाकी जेमतेम चार दिवस पुरायची. आता तो एकटा होता, तरी चारच दिवस. दोघांचं एकट्याने कसं भरेल? लहान मुलालाही जमेल असं गणित होतं, आणि ते सुटत नव्हतं.

बायको गेली होती. म्हणजे तशी गेली नव्हती. हे ऐकून लोक चेहरे पाडत, म्हणून तो घाईघाईने खुलासा करी. कुठेतरी बाहेर गेली होती आणि यायची राहिली होती, एवढंच. तिला ही जागा ठाऊक होती. तळ्याकाठी, दुहेरी बुंध्याच्या झाडाखाली. लाल दिवा लागला की गाडी हलवायला तो नाखूश असायचा तो याचसाठी. गाडी खड्ड्यावर असताना ती आली आणि इथे नुसते चाकांचे वण दिसले तर? ती मुळात मानी. आल्या पावली परत फिरेल.

बाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "अहो, चहा निवतोय."

या बाई शेजारच्या. नक्की कुठल्या गाडीतल्या, हे विचारायचं राहून गेलं होतं आणि आता विचारणं बरं दिसलं नसतं. केस पांढरे, पण कामाला वाघ. तो उठायच्या आत येऊन चहा टाकत, आणि रात्री त्याचा डोळा लागेपर्यंत काहीबाही आवरत असत. एवढी मोठी गाडीही त्याच चालवत. किल्लीसुद्धा स्वतःकडेच ठेवत, ते मात्र त्याला थोडं खटकायचं. मागे त्याने टाकी आतून खरवडून निघावी म्हणून तिच्यात बर्फ ओतला आणि गाडी चार वळणं हिंडवून आणायला सांगितली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तुमचा घसा धरतो म्हणून स्वतः बर्फ घेत नाही, आणि टाकीचे लाड चाललेत." त्याचा घसा धरतो हे त्यांना कुणी सांगितलं होतं, कोण जाणे.

मेकॅनिक कपडे झटकत आत आला. त्याने संडासाचं पायपेडल दाबून पाहिलं, भांड्यात पाणी झिरपत राहतं का ते बघितलं. झिरपत नव्हतं. मग टाकीतली पातळी मोजणाऱ्या खुंट्या काढून घासल्या. कधीकधी त्यांना कागद चिकटून बसतो आणि रिकामी टाकीही भरलेली दिसते, असं तो म्हणाला. खुंट्या चकचकीत झाल्या. त्याने पुन्हा बसवून बादलीबादलीने पाणी ओतलं. दिवे एकामागून एक शहाण्यासारखे लागले.

"यंत्र तर खरं बोलतंय," तो डोकं खाजवत म्हणाला. "घरात कोणकोण असतं, काका?"

"मी एकटा." नकाशेकाराने पाकिटातून फोटो काढला. "ही आली की दोघं होऊ."

फोटोत काळ्याभोर वेणीची तरुणी याच तळ्याकडे पाठ करून हसत होती. मेकॅनिकने फोटो उजेडात धरला.

"यांना कुठेतरी पाहिलंय मी."

नकाशेकाराने त्याचं मनगटच धरलं. "कुठे? कधी? एकटीच होती का?"

मेकॅनिक आठवू लागला. तेवढ्यात बाई कप न्यायला आल्या. फोटो दिसताच थबकल्या, आणि सांडलेला चहा पुसत राहिल्या. मेकॅनिकने त्यांच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि फोटो हळूच परत दिला.

"चूक झाली, काका. दुसरंच कुणीतरी असेल."

नकाशेकाराने त्याचं मनगट सोडलं. फोटो पाकिटात नीट जाईना.

मेकॅनिक हत्यारं गोळा करून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग बाईही गेल्या. नकाशेकार खिडकीशी येऊन बसला. रस्ता तिथूनच दिसायचा. ती दोघं झाडाशी हलक्या आवाजात बोलत होती, पण खिडकी उघडी होती.

"मावशी, टाकीत काही बिघाड नाही. दोन माणसांनी जेवढी भरेल तेवढीच भरतेय."

"ठाऊक आहे मला."

"मग त्यांना काय सांगू?"

"सांगा एखादा वायसर बदलला म्हणून. तेवढाच जीव थाऱ्यावर राहील. दोन माणसांचं मात्र आमच्या ह्यांना सांगू नका."

नकाशेकार खिडकीतून जरा मागे सरकला. दुसऱ्यांचं बोलणं असं ऐकू नये. पण बाईंना नवरा आहे, हे त्याला आजच कळत होतं. बाईंचं त्याला फार वाईट वाटलं. इतक्या दिवसांत तो माणूस एकदाही त्यांच्याकडे फिरकला नव्हता.