भिंतीवरचा परवाना

एकसष्ट सालच्या मद्रासमध्ये दारूबंदी होती आणि कनकाचा नवरा गुरुमूर्ती रोज पीत होता. त्याची दारू सोडवणारं कुणी भेटेल का, म्हणून तिने आपली सगळी तिरुवल्लिकेणी पेठ पालथी घातली. दोन वैद्यांनी चूर्ण दिलं, देवळातल्या भटजींनी उपास सांगितला. डॉक्टरांनी मात्र चिठ्ठी लिहिली, की या गृहस्थांना दारूवाचून राहवत नाही, तरी त्यांना पिण्याचा परवाना मिळावा. दारुड्यासाठी सरकारकडे तेवढीच सोय होती.

गुरुमूर्तीने खुशीत परवाना काढून आणला. कनकाने तो काचेच्या चौकटीत बसवला आणि हॉलमध्ये, त्याच्या बी.ए.च्या पदवीशेजारी टांगला.

"ज्याला प्यायची असेल त्याने सगळ्यांदेखत इथून काढून न्यावा," ती म्हणाली.

सासरे व्यासराज उठले. "उतरव ते आधी. तंजावर सोडून इथे आलो, पण आमच्या घराण्याला असला डाग कधी लागला नव्हता. लोक वाचतील."

"वास तर त्यांना रोजच येतो, मामंजी. आता वाचू देत."

सासूबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

 

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकोणपन्नास सालचा, व्यासराजांच्या नावाचा परवाना होता. "कनका," त्या म्हणाल्या, "आणखी एक खिळा आण."