शांत खोलीतला पेपर

लेक पहिलीपासून घरीच शिकली. कॉलेजची प्रवेश परीक्षा पंधरा दिवसांवर आली, तेव्हा परक्या माणसांत बसायची सवय व्हावी म्हणून मी तिला सरावाचा पेपर सोडवायला वाचनालयात पाठवलं. घरी शंभरात ऐंशीच्या खाली कधी न येणारी पोर तिथून एक्केचाळीस घेऊन आली.

“घाबरलीस का गं?”

“नाही.”

“मग? गडबड होती तिथे?”

“उलट, फारच शांत होतं.” चपला काढता काढता ती म्हणाली, “घरी मी चुकीच्या उत्तरावर पेन टेकवलं की तू खाकरतेस. मग मी दुसरं उत्तर बघते.”

“मी? काहीतरीच तुझं.”

“पहिलीपासून, आई.”

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर नवा पेपर ठेवला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. अर्ध्या तासाने आतून हाक आली, “आई, आहेस ना?”

मी तोंडावर हात घट्ट धरून दाराशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने आत पान उलटल्याचा आवाज आला.