सारखंच पाणी

प्रशिक्षणाहून परतल्यावर बाईंनी पहिला प्रयोग केला तो वर्गातल्या सहा वर्षांच्या चिमणीवर. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घेतलं, तिच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या बरणीत ओतलं आणि विचारलं, "आता कशात जास्त आहे?"

"दोन्हीत सारखंच," चिमणी पटकन म्हणाली.

खात्रीसाठी प्रश्न पुन्हा विचारावा, असं प्रशिक्षणात मिळालेल्या तक्त्यात छापलेलं होतं. बाईंनी पुन्हा विचारलं, "कशात जास्त आहे?"

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. पाण्याकडे न बघता ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिने हळूच बरणीकडे बोट केलं.

बाईंनी तक्त्यात लिहिलं, 'समज अजून कच्ची.' त्या तीन शब्दांवर चिमणीची रवानगी मागच्या बाकांवरच्या कच्च्या गटात झाली. बाईंना वाईट वाटलं, पण तक्त्यापुढे त्यांचं काय चालणार? शाळा सुटल्यावर त्यांनी तिच्या आईला बोलावून सगळं समजावलं. "वय वाढलं की येईल समज," असा धीरही दिला.

मायलेकी फाटकाकडे निघाल्या. पर्स सावरत बाईही मागोमाग निघाल्या.

"अगं, पाणी तेच, मग बरणीत जास्त कसं होईल?" आई चिडून म्हणाली. "एवढंही कळत नाही तुला?"



"कळतं गं आई. सारखंच होतं. पण बाई पुन्हा विचारतात, ते आपलं उत्तर चुकल्यावरच."