नववी आज्ञा

“आठवी झाली. पुढे?” निवृत्ती गुरुजींनी विचारलं.

चर्चच्या पहिल्या बाकावर सरुबाई अंग चोरून बसली होती. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी आठ तिने धडाधड म्हटल्या होत्या आणि दहावीही तिला येत होती. नववीपाशी मात्र तिची गाडी अडायची. आजवरच्या तिन्ही परीक्षांत ती तिथेच नापास झाली होती.

बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांचं दृढीकरण करायला बिशपसाहेब तीन वर्षांतून एकदा नाशिकच्या या चर्चमध्ये येत. दृढीकरण झाल्याखेरीज प्रभुभोजनाची भाकर मिळत नाही आणि दहा आज्ञा पाठ असल्याखेरीज दृढीकरण नाही, असा या मंडळीचा नियम. परीक्षा गुरुजी घेत. मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून ते निवृत्त झाले होते, परीक्षा घेण्यातून नव्हे.

सरुबाई कळवणकडची. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून ती हे चर्च झाडत होती. प्रभूच्या मेजावर पांढरं कापड तीच अंथरायची, प्याला तीच घासायची. मग लोक रांगेने पुढे जायचे आणि ती मागच्या दाराशी बसून बघायची. एकदा त्या रांगेत उभं राहायचं, एवढीच तिची इच्छा होती. आता तिच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी दिलेली मुदत महिन्यांत होती, वर्षांत नव्हे. बिशप परवा येणार होते.

“यादीत तिच्या नावापुढे सही करून टाका ना, गुरुजी,” चर्चचे तरुण पाळकसाहेब सकाळीच विनवून गेले होते. “तारण काय पाठांतराने मिळतं? ते कृपेने मिळतं.”

“कृपेला मी कुठे नाही म्हणतो? पण आधी नियमशास्त्र, मग कृपा. आपलं पाप कोणतं हेच ज्याला कळलं नाही, त्याला क्षमा कशाची करायची?”

असं काही बोलून झालं की गुरुजींना स्वतःचंच कौतुक वाटायचं. आजही वाटलं होतं.

“हे बघ,” ते आता सरुबाईला म्हणाले. “आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. संपलं. म्हण माझ्यामागून.”

तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

“अगं, पोपटसुद्धा म्हणेल.”

“पोपटाला सोपं हाय, गुरुजी.”

“म्हणजे?”

“मला येती ती. पयल्या दिसापासून येती. तोंडातून निघत नाय.” तिने मागच्या खोलीकडे पाहिलं. तिथे पाळकसाहेब कागद चाळत होते. तिने आवाज खाली आणला. “त्या सकाळी गाडी वसीम चालवत नव्हता. सार्थकदादा चालवत व्हते.”

दहा वर्षांपूर्वी चर्चच्या फाटकासमोर गुरुजींच्या गाडीखाली एक दूधवाला मेला होता. गुरुजींचा मुलगा सार्थक आणि ड्रायव्हर वसीम, असे दोघेच गाडीत होते. फाटकाशी झाडणारी सरुबाई एकटी साक्षीदार. गाडी वसीमच चालवत होता, असं तिने कोर्टात सांगितलं. वसीम रडला, अल्लाची शपथ घेतली. दोन वर्षं आत गेला. तो आत असताना मालेगावात त्याची आई वारली. कोर्टाच्या पायऱ्यांवर गुरुजींनी सरुबाईच्या डोक्यावर हात ठेवला होता, “खरं बोललीस. देव तुझं भलं करो.” एवढ्यावर ते थांबले नाहीत. नववी आज्ञा शिकवताना ते दर वर्षी हाच दाखला देत आणि वर्गापुढे तिला उभं करत.

“बाईसाहेबांनी माझे पाय धरले व्हते,” सरुबाई म्हणाली. बाईसाहेब म्हणजे गुरुजींची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. “एकुलतं एक लेकरू हाय, वाचव म्हणल्या. कुणाला बोलणार नाय असा शब्द घेतला. आता त्या गेल्या, मीबी चालले. पाळकसाहेबांना सांगते, मंग नववी म्हणते, मंग रांगेत जाते. वसीमच्या नावावरचा डाग तेवढा पुसंल. तुमचं पोर हाय, म्हून आधी तुम्हाला इचारते. सांगू का?”

गुरुजींना ती सकाळ आठवली. सार्थक घरी येऊन थेट मोरीत शिरला होता आणि तासभर बाहेर आला नव्हता. त्यांनी त्याला काही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नाही, असं ते आजवर स्वतःला सांगत आले होते. येत्या जूनपासून सार्थक मुख्याध्यापक होणार होता, बापाच्याच खुर्चीत.

पाळकसाहेब बाहेर आले. “काय गुरुजी, आली का नववी? यादी पाठवायचीय.”

गुरुजींनी चष्मा पुसला. मग यादीतल्या सरुबाईच्या नावावर सावकाश, सरळ रेघ मारली.

“नाही येत,” ते म्हणाले. “मी खूप प्रयत्न केला. डोक्यात राहतच नाही तिच्या.”

पाळकसाहेब तिच्याजवळ बाकावर टेकले. “खरंच आठवत नाही, सरुबाई? एकदा माझ्यासमोर म्हणून बघता?”

सरुबाईने गुरुजींकडे पाहिलं. ते यादीतली नावं पुन्हा पुन्हा मोजत होते.

“गुरुजी कशाला खोटं बोलतील, साहेब?” ती म्हणाली.