कच्चा टाका

वाचनालयात लोकांना स्वतःची जीवनकथा लिहायला शिकवणाऱ्या लेकीनं आईच्याही मागे टुमणं लावलं, "आई, तूही लिही गं. सगळ्यात आधी मी वाचणार!"

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या आईनं दोन महिने खपून वही भरली. "लहानपणी मला मावशीकडे का टाकलंस?" हा लेकीचा कायमचा प्रश्न. त्याचं उत्तर तिनं शेवटच्या दोन पानांवर लिहिलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्या पानांच्या कडा कच्च्या टाक्यानं जोडून टाकल्या. लेकीनंच तेवढं उसवावं आणि वाचावं.

आईनं वही लेकीच्या हाती दिली. पुढच्या आठवड्यात आईला समोर बसवून लेकीनं भरल्या वर्गात ती वही उंच धरली. "आईची वही मी अथपासून इतिपर्यंत वाचली. शेवटाला तर डोळ्यांचं पाणी खळेना!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आईला कोण अभिमान वाटला! वही हातात परत आल्यावर तिनं हळूच शेवटची पानं चाचपली.



कच्चा टाका जसाच्या तसा होता. घरी येऊन तिनं मशीनचं झाकण काढलं आणि त्याच्यावरून पक्की शिलाई मारून टाकली.